सोयाबीनवरचा खोटा आळ

सोयाबीन खाल्लं की बाईच्या छातीत गाठ होते, असा धाक कपाशी-सोयाबीन पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातही घातला जातो. तो हवेतून आलेला नाही. सोयाबीनमधलं जेनिस्टीन हे द्रव्य इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतंजुळतं असतं आणि बरेचसे स्तनकर्करोग इस्ट्रोजेनवरच पोसतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी कर्करोगाच्या पेशी रुजवून शुद्ध जेनिस्टीन चारलं, तेव्हा गाठी वाढल्या. एवढंच सांगितलं जातं. तिथेच पुढे सोयाबीनचं पीठ चारलं, तेव्हा गाठी वाढल्या नाहीत, हे कुणी सांगत नाही.

आणि बाया म्हणजे उंदीर नव्हेत. शांघायमधल्या 5,042 स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांचा पाठपुरावा 2009 साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त सोया खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 29 टक्क्यांनी कमी निघालं. त्या सोयामुळेच वाचल्या, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही; पण सोया त्यांच्या जिवावर उठलं, हे तर मुळीच म्हणता येत नाही. आपल्या घरात सोयाबीन येतं ते बहुतेक तेल होऊन, आणि तेलात जेनिस्टीन जवळजवळ उरतच नाही. वडीत, पिठात असतं. ते खुशाल खावं.

पण हळदीने, जवसाने गाठ विरते हा दावा मला या भीतीहून घातक वाटतो, कारण त्यात उपचाराचे महिने वाया जातात. टोरांटोत शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना रोज 25 ग्रॅम जवस दिलं, तेव्हा गाठीतल्या पेशींची वाढ मंदावली, हे खरं. शस्त्रक्रिया मात्र कुणाची टळली नाही. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून त्यात मिरीचं सत्त्व घालून गोळ्या विकतात. नेदरलँड्समधल्या 2019च्या अभ्यासात अशा मिश्रणाने स्तनकर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेन या औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या प्रभावी द्रव्याची रक्तातली पातळी घटली. टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईने वरणातली हळद आणि जवसाची चटणी सोडू नये. हळद-मिरीची ही गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जीव वाचवणारी गोष्ट वेगळीच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998पासून वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर चाचणी चालवली. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. तिथल्या पन्नाशीपुढच्या बायांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याला मॅमोग्राफीचं यंत्र लागलं नाही. दारव्हा, पुसद, उमरखेडच्या उपकेंद्रांतल्या आरोग्यसेविकांना हे कसब शिकवा, आणि गाठ लागलेली बाई त्याच आठवड्यात यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात पोचेल अशी सोय करा.