सुटीच्या घरांतील शौचकूप

कोकणांतील वडिलोपार्जित घरें सुटीपुरतीं भाड्यानें देण्याची चाल अलीकडे पुष्कळ वाढली आहे. अशा घरासाठीं शौचकूपाचें भांडें निवडतांना आमच्या वाचकांनीं त्याच्या तकाकीस न भुलतां मैला जाण्याचा मार्ग तपासावा. घरचीं माणसें भांड्याची खोड ओळखून वागतात. दर आठवड्यास बदलणाऱ्या पाहुण्यांकडून ती अपेक्षा कशी करावी? कागद, कापूस, सारें कांहीं ते आंत लोटतात. सायफनच्या ओढीवर चालणाऱ्या भांड्याचा मार्ग अरुंद व लांब वळणाचा असल्यामुळें तें लौकर तुंबतें. केवळ पाण्याच्या लोटानें धुतलें जाणारें, ज्यास 'वॉशडाउन' म्हणतात, त्याचा मार्ग रुंद व आंखूड असतो. आम्ही तेंच घ्यावयास सांगूं. पाण्याची टाकी भिंतींत चिणूं नये. झडप बिघडली तर दुरुस्ती अवघड जाते! ३ व ६ लिटरचीं दोन बटणें असलेली टाकी वैशाखांत पाणी वांचविते.

परंतु खरा धोका अंगणांत आहे. जांभा सच्छिद्र, त्यांतून खड्ड्याचें पाणी झपाट्यानें झिरपतें. शोषखड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आंत असेल, तर भांडें विकत घेण्यापूर्वी खड्डा हलवावा. जांभ्यांत तर तेवढें अंतरही पुरेसें समजूं नये; शेजारची विहीरही मोजावी.