कृतीच न छापलेले प्रयोग

प्रयोगाचा निष्कर्ष पडताळायचा, तर मूळ प्रयोग कसा केला हे आधी कळायला हवे. कर्करोगाच्या संशोधनात नेमके तेच कळत नाही. २०१० ते २०१२ या काळात गाजलेल्या ५३ शोधनिबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा बेत अमेरिकेतील ‘सेंटर फॉर ओपन सायन्स’च्या प्रकल्पात आखला गेला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३ पैकी एकाही प्रयोगाची कृती, मूळ संशोधकांना न विचारता तो पुन्हा उभा करता येईल, इतकी पूर्ण छापलेली नव्हती. विचारल्यावरही जवळपास एक तृतीयांश प्रयोगांबाबत उत्तर आले नाही किंवा आले ते निरुपयोगी. अखेर २३ निबंधांतील ५० प्रयोगच तडीस गेले.

कृती उघड असली की काय होते, हे ‘एलके-९९’ने दाखवले. सामान्य तापमानाला अतिवाहक असलेला, म्हणजे विनारोध वीज वाहू देणारा, पदार्थ सापडल्याचा दावा जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून झाला. तो बनवण्याची कृती निबंधातच होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो बनवला गेला आणि काही आठवड्यांतच दावा कोसळला. विद्युतरोध एकाएकी घटत होता, तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे.

प्रत्येक निष्कर्ष पडताळणे शक्य नाही, गरजेचेही नाही. ज्यावर रुग्णाचे औषध ठरणार आणि ज्याचा आधार मोजक्या नमुन्यांचा आहे, त्याचा क्रम पहिला. पडताळणी माणसांवरील चाचण्यांपूर्वी, त्रयस्थ प्रयोगशाळेत, मूळपेक्षा मोठ्या नमुन्यावर आणि विश्लेषणाची पद्धत आधी नोंदवून व्हावी. एक पडताळणी फसली म्हणून मूळ संशोधन खोटे ठरत नाही. पण कृतीच दडलेली असेल, तर खरे-खोटे ठरवायचे कशावरून?

पूर्ण कृती जोडल्याशिवाय निबंध छापू नये आणि कृती दडवलेल्या कामाला सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ताही देऊ नये. पैसा जनतेचा आहे, तेव्हा कृती हे संशोधकाचे खासगी गुपित नव्हे. वृत्तपत्रेही यातून सुटत नाहीत. ‘कर्करोगावर रामबाण’ हा मथळा पहिल्या पानावर येतो. तोच प्रयोग पुढे फसला, तर त्याला आतल्या पानावरही जागा मिळत नाही.

– एक वाचक, पुणे