विधी चर्चचा, विवाह कायद्याचा

२७ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी देशात दोन घटना घडल्या. उत्तराखंडात समान नागरी संहिता लागू झाली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका ख्रिस्ती पाद्र्याच्या दफनाचा वाद निकालात काढला. ७ जानेवारीला निधन पावलेल्या या गृहस्थांचे पार्थिव वीस दिवस शवागारात पडून होते. दफन कोठे व्हावे यावर पीठातील दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अखेर काही कोस दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते करावे, असा आदेश द्यावा लागला.

केळीच्या बागांत वाढलेल्या आमच्या सावद्याला या दोन्ही गोष्टींचे काय, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. माणसाचे लग्न आणि माणसाचे मरण या दोन प्रसंगी राज्य सर्वांना एकाच मापाने मोजते की नाही, हा प्रश्न रावेर-यावलच्या प्रत्येक घराचा आहे.

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की एक हाकाटी हमखास ऐकू येते : हा कायदा आला की चर्चमधील विवाह संपणार, धर्मस्वातंत्र्य बुडणार! ही हाकाटी करणाऱ्यांनी एकदा गोव्याकडे पाहावे. तेथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतील कौटुंबिक कायदा आजही चालतो. कॅथलिक वधूवर आधी नागरी निबंधकापुढे जातात, त्याचा ना-हरकत दाखला घेतात, मग चर्चमध्ये विवाहबद्ध होतात आणि त्या विवाहाची नोंद सरकारी दप्तरात होते. यामुळे गोव्यातील एखादी तरी चर्च ओस पडली काय? उत्तराखंडच्या संहितेतही सप्तपदी, निकाह, आनंद कारज यांच्या बरोबरीने ख्रिस्ती विवाहविधीला स्थान आहे. बंधन आहे ते नोंदणीचे. विधी ज्याचा त्याचा, हक्क मात्र सर्वांचा सारखा, एवढाच याचा अर्थ.

कायदा जुनाच ठेवल्याने ख्रिस्ती समाजाचे कोणते भले झाले? त्यांचा विवाह कायदा १८७२चा, घटस्फोटाचा १८६९चा. दोन्ही इंग्रजांनी केलेले. त्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखी आणखी एखादी गोष्ट सिद्ध करावी लागे. स्वतंत्र भारतातही ही विषमता पन्नास वर्षे टिकली. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तिच्यावर घाव घातला आणि अटलजींचे सरकार असताना, २००१ साली, संसदेने दुरुस्ती केली. ही मागणी ख्रिस्ती समाजाच्या आतूनच, त्यातील पीडित स्त्रियांकडून आली होती. मग इतकी वर्षे अल्पसंख्याकांच्या नावाने गळे काढणारे पुरोगामी कोठे होते? मतपेटीला धक्का लागू नये म्हणून लेकीबाळींची दाद न घेणे, याला सर्वधर्मसमभाव म्हणायचे काय?

त्या दुरुस्तीतही खोट राहिली. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्यासाठी हिंदू दांपत्याला एक वर्ष वेगळे राहणे पुरते. ख्रिस्ती दांपत्याच्या कायद्यात मात्र दोन वर्षे लिहिली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली तेथे एक वर्ष ग्राह्य धरले. संसदेने अद्याप तो शब्द बदललेला नाही.

दुसरी बाजूही पाहू. चर्चचे न्यायाधिकरण एखादा विवाह रद्दबातल ठरवते, तेव्हा भाविकाला वाटते, आपण मोकळे झालो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा निर्णयाने कायद्याच्या दृष्टीने विवाह संपत नाही. न्यायालयाच्या हुकुमाविना दुसरे लग्न केल्यास ते द्विभार्याप्रतिबंधाच्या कचाट्यात सापडू शकते. या निर्णयांना मान्यता मिळावी म्हणून केलेली याचिकाही २०१७ साली फेटाळली गेली. हे योग्यच झाले. संस्काराचा निवाडा धर्मगुरूंनी खुशाल करावा. पोटगी, वारसा, मुलांचा ताबा हे न्यायासनाचे काम.

मात्र येथे आपणही आरशात पाहिले पाहिजे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९व्या कलमाने रूढीनुसार होणाऱ्या काडीमोडीला अभय दिले आहे. आमच्या भागातील लेवा समाजाच्या भोरगाव पंचायतीने अनेक संसार सामोपचाराने सावरले, हे तिचे श्रेय कोणी नाकारणार नाही. पण चर्चच्या निर्णयावर न्यायालयाची मोहोर हवी, असे आपण म्हणत असू, तर जातपंचायतीच्या फारकतीलाही तोच नियम हवा. दुसऱ्याच्या अंगणापुरती समानता ही समानता नव्हे.

राहिला अंत्यविधीचा प्रश्न. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाच्या सर्व मृतांना, धर्म न पाहता, दहनच द्यावे असे परिपत्रक काढले आणि ते मागे घेतले. पुढे मे महिन्यात उच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक दफन हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केरळात तर मलंकरा चर्चच्या दोन गटांच्या भांडणात प्रेते अडू लागली, तेव्हा २०२०मध्ये दफनाच्या हक्काचा कायदाच करावा लागला. म्हणजे राज्य आले ते चर्चवर घाला घालण्यासाठी नव्हे. चर्चच्या दारात अडलेल्या भाविकाला वाट करून देण्यासाठी!

मृताला जागा हवी. ती आधीच ठरलेली असली तर गावात वाद पेटत नाही आणि प्रेताला शवागारात ताटकळावे लागत नाही. ते पालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. सावद्यापासून भुसावळपर्यंतच्या आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी स्मशानभूमीबरोबर दफनभूमीचीही नोंद सातबाऱ्यावर आहे का, हे पाहावे. नसेल तर अर्ज आपण करावा.

संविधानाचे ४४वे कलम पंचाहत्तर वर्षे वाट पाहत आहे. ते कोणाच्या देवाविरुद्ध नाही. मांडवात उभी राहणारी मुलगी कोणत्याही धर्माची असो, तिच्या पाठीशी एकच कायदा उभा असावा, एवढेच ते सांगते.