माकडिणींचेही गुडघे झिजतात



‘सांधेदुखी ही दोन पायांवर चालण्याची शिक्षा, माकडांना ती ठाऊक नाही’ हे आपल्या लेखातील विधान चूक आहे. १९३८ साली भारतातून चारशेच्या आसपास लालतोंडी माकडे पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर नेली गेली. तिथे मोकळ्या वाढलेल्या त्यांच्या वंशजांचे सांगाडे जपलेले आहेत. वयस्क माद्यांची हाडे विरळ, मणक्यांना काटे, सांध्यांवर झिजेच्या खुणा. आणि हे सारे चार पायांवर चालून, झाडांवर चढून! पंचविशीच्या सुमारास त्यांची पाळीही थांबते. बोरिवलीच्या उद्यानात लंगडी म्हातारी माकडीण दिसत नाही, हा पुरावा नव्हे. रानात ते वय गाठतेच कोण? मग सांधेदुखी टाळायला आमच्या दांड्याच्या कोळणींना आपण दिलेला ‘बसून मासळी विकू नका’ हा सल्ला तर फुकटच. खुलासा छापावा.

– एक वाचक, खारदांडा, मुंबई