ग्राहकाचा हक्क कुठे संपतो

सोबतीचे पैसे मोजणाऱ्याच्या काही अपेक्षा रास्तच असतात. वेळ पाळली जावी, ठरलेला दर ऐनवेळी वाढू नये, नाव बाहेर फुटू नये. सोबत देणाऱ्या स्त्रीचीही हीच अपेक्षा असते. मात्र तिचे खरे नाव, घरचा पत्ता, रात्री-अपरात्री मेसेजला उत्तर, हे त्या पैशांत येत नाही. बळजबरीने आणलेल्या मुलींबद्दल आम्ही इथे बोलत नाही; तिथे ग्राहक म्हणजे सरळ गुन्हेगार.

न्यूझीलंडचा २००३ चा देहविक्रयाविषयीचा कायदा आम्हाला मोलाचा वाटतो. त्यानुसार सौदा ठरला असला तरी ती कोणत्याही क्षणी नकार देऊ शकते. पैशांचा वाद नंतर वेगळा सोडवता येतो, पण शरीरावर हक्क सांगता येत नाही. निरोध नाकारणारा ग्राहकही तिथे कायद्याने दोषी ठरतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी पोलिसांना देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी सन्मानाने वागण्याचे निर्देश दिले. ते प्रकरण सुरू झाले होते १९९९ मध्ये कोलकात्यात झालेल्या एका देहविक्रय करणाऱ्या बाईच्या खुनातून. पोलिसांना निर्देश मिळाले. ग्राहकाला मात्र अजून कुणी जाब विचारत नाही. तो विचारायला हवा, आणि आम्ही तो या अंकात विचारतो आहोत.