निकालाआधीच मिळणारी ट्रॉफी

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही करंडक देतो ते निकाल लागल्यानंतर. शर्यत सुरू होण्याआधीच कुणाच्या हातात कप दिला तर पोरंसुद्धा हसतील. पण जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या सौद्यांत जवळपास हेच होतं, आणि तिथे कुणी हसत नाही.

एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशातली कंपनी विकत घेतली की सौदा जमवून देणाऱ्या बँका खास ऑर्डर देऊन यादगार वस्तू बनवून घेतात. काचेसारखा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, त्यावर कंपन्यांची नावं, रक्कम, तारीख आणि बँकांची नावं. सौदा विमानांचा असेल तर आत छोटंसं विमानही असतं. याला ‘डील टॉय’ म्हणतात, म्हणजे सौद्याचं खेळणं.

त्याचं दुसरं नाव ‘टूमस्टोन’, म्हणजे थडग्यावरचा दगड. हे नाव जाहिरातीवरून आलं. अमेरिकेत १९३३ च्या कायद्याने शेअर विक्रीच्या जाहिरातीत काय लिहायचं यावर बंधनं घातली. मग वर्तमानपत्रात साध्या चौकटीत नाव, रक्कम आणि बँका एवढंच छापलं जाऊ लागलं. ती चौकट थडग्याच्या दगडासारखी दिसायची. पुढे त्याच जाहिरातीची छोटी प्रत अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवून टेबलावर ठेवायची पद्धत पडली. गंमत पाहा, अमेरिकेतल्या शेअर दलालांना एका माणसाला वर्षाला १०० डॉलरपेक्षा जास्त भेट द्यायला अनेक वर्षं मनाई होती, पण ही शोभेची वस्तू त्या नियमातून वगळलेली होती.

मेहनत केली, आठवण ठेवली, यात वाईट काही नाही. प्रश्न तारखेचा आहे. ठोकळ्यावर सौदा झाला तो दिवस कोरलेला असतो. बँकेची फी मिळाली, तिची शर्यत संपली. कारखान्यातल्या कामगाराची शर्यत त्या दिवशी सुरू होते.

टाटा स्टील आणि कोरसचं उदाहरण घ्या. जानेवारी २००७ मध्ये मुंबईच्या टाटा स्टीलने ब्राझीलच्या कंपनीशी चढाओढ करून ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी जिंकली. सुरुवातीला शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले होते, शेवटी ६०८ द्यावे लागले. सुमारे १२ अब्ज डॉलरचा सौदा. आपल्याकडे केवढा अभिमान वाटला होता! दुसऱ्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि पोलादाची मागणी कोसळली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधल्या पोर्ट टालबोटची शेवटची झोतभट्टी बंद झाली. या फेरबदलात ब्रिटनमधल्या सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा आली.

उलट २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पुढे काही वर्षांत तीच कंपनी टाटा मोटर्सच्या नफ्याचा मोठा आधार बनली. म्हणजे सहीच्या दिवशी कोणता सौदा तारणार आणि कोणता बुडवणार, हे कुणालाच ठाऊक नसतं.

हे सगळं आपल्याला कशाला? कारण आपल्या घरातले निर्णयही अशा घोषणांवर होतात. २०२२ मध्ये एक पालक मला विचारत होते, “सर, तळेगावला चिपची कंपनी येतेय म्हणतात. पोराला इलेक्ट्रॉनिक्सला टाकू का?” वेदांता-फॉक्सकॉनचा तो प्रकल्प सप्टेंबरमध्ये गुजरातला गेला. तिथे १.५४ लाख कोटी रुपयांच्या करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. जुलै २०२३ मध्ये तैवानची फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. तळेगाव राहिलं बाजूला, तो करारही टिकला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्र सरकारने १५ लाख कोटींहून अधिक रकमेचे सामंजस्य करार जाहीर केले. त्यातून काम उभं राहावं, आपल्या पोरांना रोजी मिळावी, ही दुआ आहेच. पण सामंजस्य करार म्हणजे सौदासुद्धा नव्हे, तो फक्त इरादा असतो.

म्हणून बातमी वाचताना चार गोष्टी बघा. जमीन ताब्यात आली का? बांधकाम सुरू झालं का? भरतीची जाहिरात निघाली का? आणि त्यात कोणतं शिक्षण मागितलंय? त्या पालकांना मी एवढंच म्हटलं होतं, पोराला इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर जरूर टाका. फक्त एका कंपनीच्या भरवशावर टाकू नका.