झाडू एकच, मग पगार वेगळा का?

मागच्या रविवारी सोनापूरला गेलो होतो, गावाकडच्या पोरांना भेटायला. एका खोलीत तिघं सफाईवाले. एक मॉलमध्ये फरशी पुसतो, एक हॉस्पिटलात, तिसरा दोरीला लटकून टॉवरच्या काचा धुतो. हॉस्पिटलवाल्याला मॉलवाल्यापेक्षा थोडं बरं मिळतं आणि दोरीवाल्याला मॉलवाल्याच्या दुपटीहून जास्त. मॉलवाला मला म्हणाला, "दादा, मी दिवसभर उभा असतो, पाय सुजतात. मग माझंच काम हलकं कसं?"

काम हलकं नाहीच. पगार घामावर ठरत नाही, कंत्राट कसं विकत घेतलं जातं त्यावर ठरतो. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलोय.

मॉल आणि ऑफिस बिल्डिंगांची कंत्राटं बहुतेक माणसं मोजून जातात. इतकी डोकी, इतके महिने, दर डोक्यामागं इतके दिरहम. ज्याचा आकडा कमी त्याला काम. व्हिसा, विमा, बस, कॅम्पचं भाडं, केमिकल हा खर्च कुणालाच चुकत नाही. मग आकडा खाली आणायचा कुठून? पगारातूनच. कंपनीला माणसामागं जे मिळतं आणि माणसाच्या खात्यात जे पडतं, त्यात दुपटीचा फरक मी पाहिलाय. तो सगळा मालकाचा नफा नसतो, हेही खरं.

हॉस्पिटलात तसं चालत नाही. तिथं दूषित कचरा वेगळा करावा लागतो, कुठलं औषध किती पाण्यात घालायचं ते माहीत असावं लागतं, वर तपासणी असते. शिकवलेला माणूस सोडून गेला तर कंपनीला झळ बसते, म्हणून चार पैसे जास्त. दोरीवाल्याकडं तर इराटाचं कार्ड आहे. पहिल्या लेव्हलला चार दिवस ट्रेनिंग, मग परीक्षा, आणि कार्ड चालतं तीन वर्षं. ते कार्ड त्याच्या नावावर आहे, कंपनीच्या नाही. तो दुसरीकडं जाऊ शकतो हे मालकाला माहीत आहे. मॉलवाल्याच्या जागी दुसरा माणूस दोन दिवसांत उभा राहतो, हेही मालकाला माहीत आहे.

सगळ्यात वाईट गत आमच्या साईटवर. बिल्डिंग ताब्यात द्यायच्या आधीची सफाई म्हणजे काचेवरचा रंग, टाइल्सवरचं ग्राउट, सगळीकडं सिमेंटची धूळ. काम मॉलपेक्षा घाणेरडं, पण सफाईवाला साखळीत शेवटचा: मेन कंत्राटदार, त्याखाली सब, त्याखाली माणसं पुरवणारा. तोवर बजेट संपलेलं असतं, तारीख उलटलेली असते. फोनवर घासाघीस करून दर पाडायचं काम मी स्वतः केलंय. तो दर कुणाच्या ताटातून कमी झाला, ते तेव्हा विचारलं नाही.

घरकामाचं गणित आणखी वेगळं. घरमालकाकडं राहून काम करणाऱ्यांना नेहमीचा कामगार कायदा नाही, त्यांच्यासाठी 2022 चा वेगळा कायदा आहे. त्यात आठवड्याला एक सुट्टी आणि रोज 12 तास विश्रांती, त्यातले 8 सलग, असं लिहिलंय. तासावर घरं साफ करणाऱ्यांचा दर ऐकायला मोठा वाटतो, पण तो ग्राहकाचा दर. या घरून त्या घरी व्हॅनमध्ये गेलेला वेळ कोण मोजतं ते विचारा.

आता खरी गोम. इथं खाजगी नोकरीत आपल्यासारख्या परदेशी कामगाराला कायद्यानं ठरलेला किमान पगार नाही. म्हणून कागदावरचं बेसिक बघायचं. दोघांना 1,200 दिरहमच मिळतात असं धरा. एकाचं बेसिक 600, बाकी अलाउन्स. दुसऱ्याचं बेसिक 1,000. ओव्हरटाइम बेसिकवर 25 टक्के वाढवून मिळतो. रोज दोन तास, 26 दिवस केला तर पहिल्याला साधारण 162 दिरहम, दुसऱ्याला 270. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, म्हणजे पाच वर्षांनी एकाच्या हातात 2,100 आणि दुसऱ्याच्या 3,500. काम तेच, बोली तीच. रात्री 10 ते पहाटे 4 च्या ओव्हरटाइमला 50 टक्के आहे, पण शिफ्टवाल्यांना तो नियम लागू नाही, आणि मॉलची रात्रीची सफाई बहुतेक शिफ्टमध्येच असते!

ऑफर लेटर मराठीत येत नाही, पण अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीत मागता येतं. सही करण्याआधी मागा. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला इथल्या कायद्यात बंदी आहे. पगाराची तक्रार असेल तर कामगार मंत्रालयाचा 80084 हा नंबर आहे.

काल गावाहून एका पोराचा फोन आला. एजंट 1,200 म्हणतोय, सफाईचं काम, येऊ का? मी विचारलं, बेसिक किती? त्याला माहीत नव्हतं. कुठली सफाई? तेही नाही. म्हटलं, कागदाचा फोटो पाठव. अजून आलेला नाही.